जुन्या डिझेल गाडीचे हीटर प्लग वारंवार जळत आहेत : कारण शोधण्यासाठी मदत हवी

द्राक्षमळा (धागाकर्ता)

नमस्कार. आमच्याकडे १९९९ साली घेतलेली, चार सिलिंडरची, साधारण दीड लिटर इंजिनाची डिझेल गाडी आहे. टर्बो नाही, कॉमन रेल (संगणकाने चालणारी नवी डिझेल-फवारणी) नाही. नोझलमधून (डिझेल फवारणाऱ्या तोटीतून) डिझेल सरळ पिस्टनवर न पडता आधी हेडमधल्या (इंजिनाच्या वरच्या झाकणातल्या) छोट्या कप्प्यात, म्हणजे प्री-चेंबरमध्ये जाते, अशी जुन्या पद्धतीची रचना आहे. गाडी वडिलांनी घेतली, आता मी वापरतो, आणि ती विकायची नाही हे घरात सर्वांना मान्य आहे. म्हणून ‘नवी गाडी घ्या’ हा सल्ला सोडून बाकी सर्व सल्ल्यांचे स्वागत आहे.

अडचण अशी की गेल्या चौदा महिन्यांत या गाडीचे सात हीटर प्लग, म्हणजे थंड इंजिन पेट घ्यावे म्हणून प्रत्येक सिलिंडरमध्ये विजेने तापणारे प्लग, गेले. याआधीचा पूर्ण संच नऊ वर्षे टिकला होता. एक प्लग गेला की सकाळी गाडी तीन सिलिंडरवर चालू होते, सगळे बॉनेट थरथरते, मागून कच्च्या डिझेलच्या वासाचा पांढरा धूर येतो आणि मिनिटभराने इंजिन सुरळीत होते. दोन प्लग गेले की सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते. आम्ही निफाड तालुक्यात राहतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा ५ अंशांपर्यंत उतरल्याच्या बातम्या ज्या दिवसांत येतात, त्याच दिवसांत आमची द्राक्षांची कामे पहाटेपासून चालू असतात आणि मजुरांना आणायला साडेपाचला निघावे लागते. त्या वेळी गाडी चालू झाली नाही तर पुढचा सगळा दिवस विस्कटतो.

प्रत्येक वेळी गॅरेजवाल्याने प्लग बदलून दिला आणि गाडी परत केली. शेवटच्या वेळी ‘जुनी गाडी आहे, हीटर जळणारच’ असे उत्तर मिळाले. ते मला पटलेले नाही. इंजिन दर दहा हजार किलोमीटरला ऑइल बदलून व्यवस्थित राखलेले आहे, ऑइल खात नाही, गरम झाल्यावर कोणतीही तक्रार नाही. माझ्याकडे मल्टीमीटर, गोटी पान्यांचा संच आणि रविवारची सकाळ एवढे उपलब्ध आहे. सुरुवात कुठून करावी?

पंपखोली

मी डिझेल पंप आणि नोझल दुरुस्तीच्या कामात पंचवीस वर्षे आहे. उपाय सांगण्याआधी चार प्रश्न विचारतो, कारण त्यांच्या उत्तरांवरच पुढची दिशा अवलंबून आहे.

पहिला, सात प्लग कोणकोणत्या सिलिंडरचे गेले? एकाच सिलिंडरचा प्लग पुन्हा पुन्हा जात असेल तर दोष त्या सिलिंडरमध्ये असतो; आज एक, उद्या चार असे फिरत असेल तर दोष चारही प्लगांना सामाईक असलेल्या गोष्टीत, म्हणजे विजेत असतो. दुसरा, गेलेले प्लग जपून ठेवले आहेत का, आणि त्यांची टोके कशी दिसतात? तिसरा, सर्व प्लग थंडीतच गेले की उन्हाळ्यातही? चौथा, प्लगच्या अंगावर काय छापले आहे, विशेषतः किती व्होल्ट?

गॅरेजमध्ये जळका प्लग काढला की तो भंगाराच्या डब्यात जातो आणि त्याबरोबर त्याने दिलेली साक्षही जाते. माझ्याकडे येणाऱ्या दर दहा गाड्यांपैकी नऊ गाड्यांचे मालक जुना प्लग मागून घेत नाहीत. तो मागून घ्यावा. पैसे आपण दिलेले असतात.

घाटरस्ता

आमच्या गाडीला असाच त्रास होता. इलेक्ट्रिशियनने टायमर (प्लगांना किती वेळ वीज द्यायची ते ठरवणारा भाग) काढून डॅशबोर्डवर बटण लावून दिले. थंडीत दहा सेकंद दाबायचे आणि सेल्फ मारायचा. तीन वर्षे झाली, प्लग गेलेला नाही. तेच करा.

वायरिंगवाला

घाटरस्ता, आपल्या हातून ते नीट चालले आहे याचा आनंद आहे, पण हा उपाय सरसकट सांगता येणार नाही. बटण दाबणारा माणूस एकटाच असेल आणि घड्याळाप्रमाणे दहा सेकंदच दाबत असेल तर ठीक. घरात दुसऱ्या कोणाच्या हाती गाडी गेली, ती पटकन चालू झाली नाही, की तो मनुष्य अर्धा-पाऊण मिनिट बटण धरून ठेवतो. शिवाय चार प्लग मिळून पहिल्या क्षणी साठ-सत्तर अँपिअर सहज ओढतात आणि तापल्यावर चाळीसच्या आसपास स्थिरावतात. एवढा प्रवाह डॅशबोर्डच्या बटणातून नेला तर बटण वितळते आणि मागची वायर पेटूही शकते. मी अशा दोन गाड्यांची जळालेली वायरिंग बदललेली आहे. बटण लावायचेच असेल तर त्याने फक्त रिलेची (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचची) कॉइल चालवावी. मोठा प्रवाह जाड केबल, फ्यूज आणि रिले यांतूनच जावा.

आणि मूळ मुद्दा असा की टायमर काढून टाकला तरी प्लग का जळत होते हे कळत नाही. नोझल खराब असेल तर बटण लावूनही प्लग जळत राहील.

द्राक्षमळा

पंपखोली, तुमच्या प्रश्नांची उत्तरे गोळा करायला तीन दिवस लागले. गॅरेजच्या डब्यात दोन प्लग सापडले, माझ्याकडे तीन होते. उरलेले दोन गेले ते गेलेच. बिलांवरून आणि आठवणीवरून मिळालेली माहिती अशी : तीन नंबरच्या सिलिंडरचा प्लग तीन वेळा गेला, एक नंबरचा दोन वेळा, दोन आणि चार नंबरचा प्रत्येकी एकदा. म्हणजे एका सिलिंडरकडे कल आहे, पण बाकीचेही सुटलेले नाहीत.

हंगामाबद्दल विचारले म्हणून बिले पाहिली आणि मी स्वतःच चकित झालो. सातपैकी तीन प्लग एप्रिल आणि मे या महिन्यांत बदललेले आहेत. उन्हाळ्यात गाडी तीन प्लगांवरही चालू होत असल्यामुळे ही गोष्ट कधी डोक्यात भरली नव्हती.

पाचही प्लग कागदात गुंडाळून, वर सिलिंडरचा नंबर लिहून पेढ्यांच्या रिकाम्या डब्यात ठेवले आहेत. काल दुपारी ते उन्हात नेऊन मुलाच्या भिंगाखाली पाहिले. एक, दोन आणि चार नंबरच्या प्लगांची नळी टोकाच्या थोडी मागे पोटासारखी फुगलेली आहे आणि एकीवर उभी बारीक चीर आहे. चिरेतून पांढरी भुकटी बाहेर आली आहे. नखाने दाबली की खडूसारखी लागते. तीन नंबरचे दोन्ही प्लग मात्र निराळेच दिसतात. त्यांची नळी फुगलेली नाही. टोक एका बाजूने खाल्ल्यासारखे झाले आहे, जणू मेणबत्ती वाऱ्याच्या बाजूने वितळली आहे. प्लगवर ११ व्होल्ट छापलेले आहे.

पंपखोली

आपण उत्तम काम केले आहे. आता उत्तर जवळजवळ आपल्या डब्यातच आहे.

हीटर प्लग म्हणजे एका टोकाला बंद असलेली, उष्णता सोसणाऱ्या धातूची नळी. तिच्यात तारेचे वेटोळे असते आणि भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी घट्ट दाबून भरलेली असते. हीच ती आपल्याला दिसलेली पांढरी भुकटी. ती वीज अडवते पण उष्णता नळीपर्यंत पोहोचवते. टोक ८५० अंशांच्या वर, लालभडक होईपर्यंत तापते. प्री-चेंबरच्या इंजिनात याची गरज अधिक असते, कारण त्या छोट्या कप्प्याच्या भिंती थंड असतात आणि दाबलेल्या हवेची उष्णता शोषून घेतात. म्हणूनच अशा इंजिनात २२ ला १ इतके कॉम्प्रेशन (हवा दाबली जाण्याचे प्रमाण) असूनही थंडीत हीटरशिवाय ते पेट घेत नाही, आणि डिझेल सरळ पिस्टनवर मारणारे ट्रॅक्टरचे इंजिन मात्र कमी कॉम्प्रेशनवरही पहाटे हीटरविना चालू होते.

आता टोकांकडे पाहू. नळी फुगली आणि चिरली याचा अर्थ ती आतून अति तापली. व्होल्टेज जास्त मिळाले, किंवा योग्य व्होल्टेज हवे त्याहून खूप जास्त वेळ मिळाले. हा विजेचा दोष आहे. टोक एका बाजूने खाल्ले गेले याचा अर्थ ते बाहेरून जळले. नोझलमधून डिझेल बारीक धुक्यासारखे न फवारता पिचकारीसारखे येत असेल, किंवा फवारा संपल्यावर नोझल थेंब थेंब गळत असेल, तर ज्वाला प्लगच्या टोकाला चिकटून जळते आणि धातू खाऊन टाकते. पंपाचे टाइमिंग फार पुढे असले तरी असे होते, पण मग ते चारही सिलिंडरांत दिसले असते. आपल्याकडे ते फक्त तीन नंबरला आहे. तेव्हा दोष त्याच्या नोझलचा.

थोडक्यात, आपल्या गाडीत दोन वेगवेगळे दोष एकाच वेळी आहेत, आणि म्हणूनच गॅरेजवाल्याला त्यात संगती लागली नाही. विजेचा भाग वायरिंगवाला यांनी सांगावा. नोझलचे मी पाहतो.

आणखी एक प्रकार येथे वाचणाऱ्यांसाठी नोंदवतो. टोक आणि नळी चांगली, पण प्लग पाना लागतो त्या षटकोनाच्या आसपास शॉर्ट झालेला किंवा वरचा स्क्रू हलणारा असेल, तर तो बसवताना जास्त आवळला गेला आहे. १२ मिलिमीटर आट्यांच्या प्लगला २२ ते २५ न्यूटन मीटर आणि १० मिलिमीटरच्या प्लगला १२ ते १८ न्यूटन मीटर एवढाच टॉर्क, म्हणजे आवळण्याचा पीळ, पुरतो. वरचे छोटे नट तर दोन बोटांच्या जोराचे काम आहे. लांब दांड्याच्या पान्याने तिथे जोर लावणाऱ्या माणसाला गाडीला हात लावू देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वायरिंगवाला

पंपखोली यांचे निदान मला मान्य आहे. विजेच्या बाजूने तीन शक्यता उरतात : अल्टरनेटर (चालू इंजिनावर वीज तयार करणारे यंत्र) जास्त व्होल्टेज देतो आहे, रिले चिकटतो आहे, किंवा टायमर रिलेला वेळेवर सोडत नाही. प्लग ११ व्होल्टचे आहेत, तेव्हा चुकीच्या व्होल्टचा प्लग बसल्याची शक्यता गेली. काही जपानी इंजिनांना ६ व्होल्टचे प्लग आणि बरोबर एक रेझिस्टर असे; ते प्लग चुकून साध्या बारा व्होल्टच्या गाडीत बसले तर काही सेकंदांत जातात. आजकालच्या कॉमन रेल गाड्यांचे प्लग तर ४ ते ७ व्होल्टचे असतात आणि कंट्रोल युनिट त्यांना तुकड्या-तुकड्याने वीज देते. ते प्लग तपासण्यासाठी कधीही सरळ बॅटरीला लावू नयेत.

आता कृती. इंजिन चालू करून, रेस थोडी वाढवून बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजावे. १३.८ ते १४.५ असेल तर अल्टरनेटरचा कटआउट (व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग) ठीक आहे. १५ च्या वर जात असेल तर बाकी सर्व सोडून आधी तो बदलावा.

त्यानंतर मला आवडणारी सर्वांत सोपी तपासणी. चारही प्लगांना जोडणारी जी धातूची पत्ती असते, तिच्यावरून एक बारीक वायर काढून, मध्ये छोटा फ्यूज घालून, ती खिडकीतून आत आणावी आणि तिला इंडिकेटरचा बारा व्होल्टचा बल्ब लावावा. बल्बचे दुसरे टोक बॉडीला. डॅशबोर्डवरच्या हीटरच्या दिव्यावर विश्वास ठेवू नका. तो दिवा फक्त ‘आता सेल्फ मारा’ एवढेच सांगतो. तो विझल्यावरही प्लगांना वीज चालू असू शकते. पत्तीवरचा बल्ब मात्र खरे सांगेल. गाडी थंड असताना चालू करा आणि बल्ब किती वेळ पेटतो ते घड्याळ लावून पाहा. मग इंजिन पूर्ण गरम झाल्यावर बंद करून, लगेच पुन्हा चालू करून तेच पाहा.

द्राक्षमळा

आज सकाळी दोन्ही तपासण्या केल्या. बॅटरीवर १४.१ व्होल्ट मिळाले; हेडलाइट लावल्यावर १३.९. म्हणजे अल्टरनेटर निर्दोष दिसतो.

बल्बाची गोष्ट मात्र आश्चर्यकारक आहे. सकाळी गाडी थंड असताना डॅशबोर्डचा दिवा अठरा सेकंदांनी विझला. मी सेल्फ मारला, गाडी चालू झाली, आणि बल्ब पेटलेलाच राहिला. तीन मिनिटे पाच सेकंदांनी तो विझला. नंतर मी बाजार समितीपर्यंत जाऊन आलो. काटा मध्यावर, इंजिन पूर्ण गरम. गाडी बंद केली, पुन्हा चावी फिरवली, तर डॅशबोर्डचा दिवा पुन्हा अठरा सेकंद आणि बल्ब पुन्हा तीन मिनिटे. इतकी वर्षे गाडी चालवतो आहे. गरम इंजिनावर तो दिवा पूर्वी जेमतेम लुकलुकून जात असे, हे मला आज आठवले. ही सवय कधी बदलली ते लक्षात आले नाही, कारण गरम गाडी दिवा विझण्याची वाट न पाहताच चालू होते.

हंगामात मी मळा, पॅकिंग शेड, औषधांचे दुकान, बँक असा दिवसातून आठ-दहा वेळा गाडी बंद-चालू करतो.

वायरिंगवाला

म्हणजे आपले प्लग दिवसाला जवळजवळ अर्धा तास, तेही इंजिन चालू असतानाच्या १४ व्होल्टवर आणि आधीच तापलेल्या हेडमध्ये जळत होते. मे महिन्यात प्लग का गेले त्याचे उत्तर हे आहे.

रिले चिकटलेला नाही, कारण तीन मिनिटांनी तो सुटतो. टायमर आपले काम करतो आहे, पण त्याला इंजिन गरम आहे हे कळत नाही. इंजिन चालू झाल्यावरही काही काळ प्लग तापते ठेवायचे, म्हणजे धूर आणि खडखड कमी होते, ही सोय अशा टायमरमध्ये मुद्दाम दिलेली असते. मात्र ती थंड इंजिनापुरती असते. किती थंड हे टायमरला पाण्याच्या तापमानाचा सेन्सर सांगतो. या सेन्सरचा रोध थंडीत जास्त आणि गरम झाल्यावर कमी होतो. वायर तुटली तर रोध अमर्याद होतो, आणि टायमर त्याचा अर्थ ‘बाहेर कडाक्याची थंडी आहे’ असा घेतो.

सिद्ध करण्याची रीत अशी : गरम इंजिनावर त्या सेन्सरचा कनेक्टर काढा आणि पुन्हा बल्ब पाहा. काही फरक पडला तर सेन्सरचे म्हणणे टायमरपर्यंत पोहोचत होते. काहीच फरक पडला नाही, तर तो टायमरच्या दृष्टीने आधीपासूनच तुटलेला आहे. लक्षात ठेवा, तापमानाच्या काट्याचा सेन्सर बहुधा वेगळा असतो. काटा बरोबर दाखवतो म्हणून हीटरचा सेन्सर बरोबर आहे असे समजू नये.

घाटरस्ता

मी वर बटणाचा सल्ला दिला होता. हे वाचून माझ्याही गाडीत मूळ दोष हाच असावा असे वाटते. मी धागा लक्षपूर्वक वाचतो आहे. कृपया पुढचे अवश्य लिहावे.

द्राक्षमळा

कनेक्टर काढला; काहीही फरक पडला नाही. तीन मिनिटे म्हणजे तीन मिनिटे.

मग सेन्सरचा रोध मोजला. थंड असताना २.३ किलोओहम, गरम झाल्यावर सुमारे ३०० ओहम. म्हणजे सेन्सर जिवंत आहे. मग कनेक्टरपासून टायमरच्या सॉकेटपर्यंत दोन्ही वायरींची सलगता तपासली. एका वायरीवर मल्टीमीटर वाजला, दुसरीवर नाही. वायरिंगवरची काळी टेप सोडवत सोडवत बॅटरीच्या ट्रेखाली पोहोचलो, तेव्हा तिथे निळी वायर उंदराने कुरतडलेली सापडली. तांबे पूर्ण तुटलेले, दोन्ही टोके हिरवी पडलेली, शेजारच्या दोन वायरींवरही दातांच्या खुणा. गाडी पॅकिंग शेडमध्ये पोत्यांशेजारी उभी असते, तेव्हा नवल नाही.

हिरवट भाग कापून टाकला, मध्ये नवा तुकडा डाखला, वर नळी चढवली आणि पूर्ण भाग संरक्षक नळीतून नेला. आता गरम इंजिनावर चावी फिरवली की बल्ब जेमतेम पेटून लगेच विझतो. आज दुपारी मी नुसतीच चावी फिरवून ते चार-पाच वेळा पाहिले.

आता तीन नंबरच्या नोझलचे काय करू? गाडी उत्तम चालते, धूर नाही. नोझल खराब असेल तर धूर यायला नको का?

पंपखोली

धूर यायलाच हवा असे नाही. चारपैकी एक नोझल थोडे गळत असेल तर धूर डोळ्यांना दिसण्याइतका वाढत नाही. इंजिन थंड असताना एक बारीक ठक-ठक ऐकू येते आणि गरम झाल्यावर ती जाते. ती ऐकायची असेल तर मंद चालीवर एकेका नोझलच्या पाइपचा नट अर्धा आटा सैल करून पाहतात. दोषी सिलिंडर सैल केला की ठक-ठक थांबते. पण हे चष्मा लावून आणि हात दूर ठेवून करावे. त्या पाइपातला दाब १०० बारच्या वर असतो आणि बारीक धार कातडीतून आत शिरते. ती जखम टाचणीएवढी दिसली तरी थेट रुग्णालयात जावे लागते. आपल्याकडे जळके टोक हाती आहे, त्यामुळे या प्रयोगाची गरज नाही.

चारही नोझल काढून चांगल्या पंपखोलीत न्या आणि हातपंपाच्या टेस्टरवर लावायला सांगा. तपासणी स्वतः उभे राहून पाहा. नकार देणारा माणूस टाळा. तीन गोष्टी पाहायच्या. किती दाबाला नोझल उघडते : प्री-चेंबरच्या इंजिनात हा आकडा साधारण १२० ते १५० बार असतो, आपल्या इंजिनाचा नेमका आकडा पुस्तिकेत मिळेल. उघडताना ते कुरकुरल्यासारखा आवाज करून बारीक, सरळ, बंदिस्त शंकूसारखे फवारते की एका बाजूला धार सोडते. आणि उघडण्याच्या दाबाच्या किंचित खाली धरून ठेवल्यावर टोकाला थेंब जमतो का.

बसवताना नोझलखालचे उष्णतारोधक वॉशर नवेच घालावेत. ते एकदा दबले की पुन्हा नीट बसत नाहीत, आणि त्यांची दिशाही ठरलेली असते. जुना वॉशर उलटून वापरला तर उष्णता नोझलच्या टोकावर जाते आणि नवे नोझलही लवकर जाते.

थंडदेश

मी मूळचा सांगलीचा, गेली पंधरा वर्षे कॅनडात आहे आणि जुनी डिझेल गाडी हौसेने बाळगून आहे. उणे पंचवीस अंशांत हीटर प्लग एकटे पुरत नाहीत. रात्रभर इंजिनाचे पाणी कोमट ठेवणारा ब्लॉक हीटर भिंतीतल्या सॉकेटला लावून ठेवावा लागतो. निफाडला त्याची गरज नाही. मी लिहितो आहे तो एका वेगळ्या धोक्यासाठी.

द्राक्षमळा, तुमचे फुगलेले प्लग सुखरूप बाहेर आले हे भाग्य समजा. फुगलेली नळी हेडच्या भोकातून मागे येत नाही. जोर लावला तर प्लग मधून तुटतो, टोक प्री-चेंबरमध्ये पडते आणि हेड उतरवण्याची वेळ येते. माझ्या बाबतीत हे घडले आहे. म्हणून प्लग नेहमी इंजिन गरम असताना काढावा. आदल्या रात्री मुळाशी गंज सोडवणारे तेल सोडून ठेवावे. पान्याला टॉर्क मोजणारा दांडा लावावा, आणि १० मिलिमीटरच्या प्लगला ३५, तर १२ मिलिमीटरच्या प्लगला ४५ न्यूटन मीटरच्या वर जाऊ नये. त्या मर्यादेत सुटला नाही तर थांबावे, इंजिन पुन्हा गरम करावे, पुन्हा तेल सोडावे, आणि एकदा सोडवणे, एकदा आवळणे असे करत दमाने घ्यावे. घाईने वाचलेला अर्धा तास मला चार दिवसांना पडला.

दुसरे, प्लग निघाल्यावर त्याच्या भोकात जमलेली काजळी साफ करावी. नळीभोवती हवेची बारीक फट राहायला हवी; काजळीने ती भरली तर नवा प्लगही नीट तापत नाही आणि पुढच्या वेळी तिथेच अडकतो. त्यासाठी योग्य मापाचा रीमर (भोक आतून खरवडणारे हत्यार) मिळतो. त्याच्या खाचांत ग्रीस भरून फिरवला की काजळी ग्रीसला चिकटून बाहेर येते.

आणि कृपया कोणीही, कितीही घाई असली तरी, हीटर प्लग असलेल्या इंजिनात ईथरचा फवारा मारू नये किंवा एअर क्लीनरपाशी पेटता बोळा धरू नये. ईथर तापलेल्या प्लगवर पोहोचले की पिस्टन वर येण्याआधीच स्फोट होतो; पिस्टनच्या रिंगा तुटतात आणि कधी इनटेकचा पाइप फुटून तोंडावर येतो.

द्राक्षमळा

मधल्या काळात लिहायला वेळ झाला नाही, छाटणीची कामे होती. आता सविस्तर लिहितो.

नोझल नाशिकला नेऊन टेस्टरवर लावून घेतले आणि शेजारी उभा राहिलो. एक, दोन आणि चार नंबरची नोझल १२५ ते १३० बारला उघडली, फवारा सरळ होता. तीन नंबरचे ९५ बारलाच उघडले. आवाज नाही, कुरकुर नाही. डाव्या बाजूला एक जाड धार आणि दाब सोडल्यावर टोकाला लोंबणारा थेंब. तो थेंब पडायचा, पुन्हा जमायचा. मी खिशातून तीन नंबरचा जळका प्लग काढून त्या माणसाला दाखवला, तर त्याने काही न बोलता प्लगचे खाल्लेले टोक त्या धारेच्या बाजूला धरून दाखवले. तिथे उभ्या असलेल्या सर्वांना ते समजले.

चारही नोझलची टोके नवी घातली, दाब शिमने (पातळ चकत्या घालून) सारखा करून घेतला, खाली नवे वॉशर घातले. हेडमधली चारही भोके रीमरने साफ केली. तीन नंबरमधून निघालेली काजळी इतरांच्या दुप्पट होती. प्लगांचा पूर्ण संच नवा, एकाच कंपनीचा घेतला. दुकानदाराने आधी दिलेले प्लग आटे आणि लांबी जुळणारे, पण चालू इंजिनावर तापत राहण्यासाठी न बनवलेल्या जुन्या प्रकारचे निघाले. पुस्तिकेतला क्रमांक दाखवल्यावर त्याने बदलून दिले. घरी नेण्याआधी प्रत्येकाचा रोध मोजला. मल्टीमीटरच्या वायरींचा स्वतःचा ०.२ ओहम वजा करून चारही ०.७ ते ०.९ ओहममध्ये आले. आट्यांना थोडे उष्णता सोसणारे ग्रीस लावून, पंपखोली यांनी सांगितल्याप्रमाणे टॉर्क पान्याने २२ न्यूटन मीटरला बसवले.

एकूण खर्च गेल्या चौदा महिन्यांत सात प्लगांवर आणि उतरलेल्या बॅटरीवर झालेल्या खर्चाहून थोडा अधिक झाला, त्यात मुख्य भाग नोझलचा. वायरीच्या तुकड्याला काहीच लागले नाही.

मागच्या आठवड्यात ओसरीवरच्या तापमापकावर पहाटे ६ अंश होते. अठरा सेकंद थांबलो, सेल्फ मारला आणि गाडी दुसऱ्या फेऱ्याला चारही सिलिंडरांवर चालू झाली. मागे धूर जवळजवळ नव्हता. वडील ओसरीवर चहा घेत होते. आवाज ऐकूनच म्हणाले, ‘चारही लागले’.

घाटरस्ता

फार समाधान वाटले. मीही माझ्या गाडीच्या पत्तीवर बल्ब लावून पाहिला. बटण असल्यामुळे बाकी काही कळले नाही, पण बटण सोडल्यावरही बल्ब कधी कधी अर्धा-एक सेकंद उशिरा विझतो. याचा अर्थ काय घ्यावा?

वायरिंगवाला

रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटू लागले आहेत. रिले उघडून पाहा. पत्र्यावर खड्डे आणि काळे डाग दिसतील. पॉलिश पेपरने घासून वेळ मारून नेऊ नका, बदलाच, कारण हा रिले एक दिवस पूर्ण चिकटतो, आणि मग रात्रभर प्लग तापत राहून सकाळी बॅटरीही नाही आणि प्लगही नाहीत अशी स्थिती होते. किमान ७० अँपिअर क्षमतेचा घ्या. आणि बटणाच्या वायरीत फ्यूज आहे का ते आजच पाहा.

घाटरस्ता

फ्यूज नव्हता. आज बसवला. रिले उद्या आणतो.

द्राक्षमळा

एका सभासदाने निरोपातून विचारले की पत्तीवरचा बल्ब मी काढून टाकला का. नाही. त्याऐवजी एक छोटा लाल दिवा फ्यूजसह कायमचा बसवून स्टिअरिंगच्या डावीकडे लावला आहे. थंड सकाळी तो मिनिट-दीड मिनिट पेटतो, दुपारी चमकून विझतो. बॅटरीच्या ट्रेखालच्या वायरी दर महिन्याला तपासतो. पेढ्यांचा डबा गाडीतच ठेवला आहे. त्यात आता जुन्या पाच प्लगांबरोबर एक नवा सुटा प्लग आणि तीन नंबरचे काढलेले नोझलही आहे. तालुक्यात कोणाला जळक्या टोकांतला फरक प्रत्यक्ष पाहायचा असेल तर निरोप पाठवावा, मी डबा घेऊन येईन.